तिसरं ऐकणं

१

मी ज्या संगीतावर लिहितो ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा आमचे घरमालक जानराव जिना चढून वर आले आणि म्हणाले, "सर, बोअरची मोटर कोरडी चालून राहिली वाटते."

मी म्हटलं, "काका, हे गाणं आहे."

ते दारात थोडा वेळ उभे राहिले. मग "असन बा" म्हणून खाली गेले. इतकी नेमकी समीक्षा मला आजवर जमलेली नाही.

या प्रकाराला डूम मेटल म्हणतात. गिटारच्या तारा लोंबायला लागतील इतक्या सैल करायच्या, आणि ढोल इतका सावकाश वाजवायचा की दोन ठोक्यांच्या मधे चहा गाळून व्हावा. जगभर याचे मूठभर वेडे आहेत. ते तळघरात, गॅरेजात, गोठ्यात बसून रेकॉर्ड करतात, थोड्याशा कॅसेटी काढतात आणि एकमेकांना पाठवतात. मी अमरावतीत बसून त्यावर इंग्रजीत परीक्षणं लिहितो. पोटासाठी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दोन्हीकडे ऐकणारे सारखेच, म्हणजे नसल्यात जमा.

माझी एक पद्धत आहे. कोणतंही रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकतो. पहिल्यांदा हेडफोनवर, दुसऱ्यांदा मोठ्या स्पीकरवर, आणि तिसऱ्यांदा भिंतीपलीकडून. मधल्या खोलीत स्पीकर लावायचे, दार ओढून घ्यायचं, आणि आपण मागच्या धुण्याच्या गॅलरीत जाऊन भिंतीला कान लावायचा. खर्ज भिंतीतून आरपार येतो, बाकीचा दिखाऊपणा आतच राहतो. भिंतीपलीकडून जे उरतं तेच खरं संगीत, असं मी एका परीक्षणात लिहिलंही होतं. त्यावर कुणाचीच प्रतिक्रिया आली नाही.

आमच्या घराच्या तीन खोल्या एका बोळाच्या कडेनं ओळीनं आहेत. समोरची, मधली आणि स्वयंपाकघर. मधली आणि स्वयंपाकघर यांच्या मागून गॅलरी जाते. तिथे दोरीवर कपडे वाळतात, मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवलाय, आणि एक लोखंडी जिना खाली अंगणात उतरतो. ऐकताना कूलर बंद ठेवावा लागतो. मे महिन्यातल्या अमरावतीत दुपारी कूलर बंद ठेवणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर समीक्षक.

माझी बायको प्राजक्ता एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. दवाखाना दुपारी बंद असतो, तेव्हा ती घरी येऊन समोरच्या खोलीत पंख्याखाली आडवी होते. दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकून आल्यावर तिला माझं संगीत नकोच असतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती माझ्या खोलीत केर काढण्यापुरती येते. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला लागलं ते वकारमुळे.

२

वकार अकोल्याचा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलात आमचा दोघांचा बँड होता, त्याचं नाव लोडशेडिंग. तो गिटार वाजवायचा, मी ड्रम. बँड मोडला, कारण मला थांबता येत नसे. ठोका यायच्या आधीच माझा हात पडायचा. "मन्या, घाई करू नको बे," असं तो दर तालमीत म्हणायचा. प्रेमानं म्हणायचा, म्हणून जास्त लागायचं.

पुढे वकार अकोल्याला परतला आणि वडिलांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसायला लागला. जळालेल्या मोटरी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, वॉर्निश लावायचं, चालवून पाहायची. दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धं पाडून तो चाचणीला लावलेल्या मोटरीला माइक चिकटवतो, वर गिटारचा एकेक सूर सोडतो, आणि ते सगळं इंटरनेटवर थेट पाठवतो. त्या लाइव्हला त्यानं 'दुपार' असं नाव दिलंय. चित्रात फक्त त्याचे हात आणि मोटर. एवढ्यावर फिनलंड आणि चिलीमधली माणसं डोळे मिटून बसतात, आणि त्याच्या कॅसेटी निघायच्या आधीच संपतात.

माझा जळफळाट व्हायचा, दुसरा शब्द नाही. कान माझे होते, अभ्यास माझा होता, आणि जग त्याच्या दारात. मी त्याच्यावर लिहायचो, पण असं की वाचणाऱ्याला स्तुती वाटावी आणि वकारला चिमटा बसावा.

आणि एक दिवस समोरच्या खोलीतून प्राजक्ता म्हणाली, "वकारभाऊंचं चालू हाय का? जरा मोठं करा ना. ते ऐकलं का दुखरी दाढ शांत झाल्यावानी वाटते."

माझी दाढ तिथून दुखायला लागली.

मेच्या सुट्ट्या होत्या. वकारची नवी कॅसेट आली होती. पहिलं ऐकणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यासाठी मी दार ओढून गॅलरीत गेलो, भिंतीला कान लावला. भिंत तव्यासारखी तापली होती. आतून तो लांबलचक खर्ज येत होता, आणि त्याच्या मधेच खुर्ची कुरकुरली.

माझी वेताची खुर्ची आहे. मागे रेलून बसलं की ती कुरकुरते, नुसती ठेवली तर नाही. मी आत गेलो. खुर्ची रिकामी होती. स्पीकर चालू होते.

"आत कोनी बसलं हाय का?" प्राजक्तानं समोरून विचारलं. तिनंही ऐकलं होतं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "लाकूड वाजते उन्हानं."

"असन," म्हणून ती कुशीवर वळली. मीही स्वतःला तेच सांगितलं. प्रत्येक वस्तूची आपली एक कंपनसंख्या असते, तोच सूर मिळाला की ती वस्तू हलते. हे मी दरवर्षी बारावीच्या पोरांना शिकवतो. वेताला तो खर्ज लागला असेल.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची उचलून समोरच्या खोलीत नेऊन ठेवली. दार ओढलं, गॅलरीत गेलो, कान लावला.

मधल्या खोलीत खुर्ची कुरकुरली.

३

भीती वाटली का? थोडी वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी दुसरंच काही आलं, आणि ते मला ओळखीचं होतं.

कारण आत नुसती खुर्ची वाजत नव्हती. आत कुणीतरी ऐकत होतं. मोठा ठोका यायच्या आधी श्वास धरला जात होता आणि ठोका पडला की सुटत होता. मधेच घसा खाकरला जायचा, तो अगदी माझ्या पद्धतीनं, दोनदा हलका आणि एकदा नीट. आणि कुणीतरी बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला होता. इतका सावकाश, इतका बरोबर. एकही बोट आधी पडत नव्हतं. मला आयुष्यभर न जमलेली गोष्ट माझ्याच खोलीत कुणी सहज करत होतं.

दार उघडलं की खोली रिकामी. दार ओढलं की तो आत. मी दोन-तीन दुपारी हा खेळ केला. मग दार उघडणं सोडून दिलं, कारण प्रत्येक वेळी दार उघडताना आपणच कुणाच्या तरी ऐकण्यात व्यत्यय आणतोय असं वाटायला लागलं होतं.

त्या आठवड्यात वकारचा फोन आला. आवाज भिजलेला होता.

"मन्या, काल तूनं लाइव्हवर जे लिहिलं ना, ते वाचून मी रडलो यार. अब्बांनी विचारलं काय झालं, मले सांगता नाही आलं."

मी काहीच लिहिलं नव्हतं. मी गॅलरीत होतो. पण मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर 'दुपार' लागलेली होती, आणि त्यावर माझं खातं उघडं असतं.

"काय लिहिलं मी?" मी विचारलं.

"हेच का, ही मोटर विहिरीवरची असावी. पाणी संपल्यावरही ती बराच वेळ चालू राहिली असंल, काहून का बंद करायले कोनी आलं नाही." त्यानं नाक ओढलं. "अबे, ती बाळापूरकडची विहिरीचीच मोटर हाय. कोरडी चालून जळली होती. मी हे कोनालेच सांगतलं नाही. तुले आवाजातून कसं समजलं?"

इथे मी सरळ सांगायला हवं होतं की तो मी नव्हे. शब्द जिभेवर आले होते. पण वकारच्या आवाजात माझ्यासाठी जे होतं ते मी कॉलेजच्या दिवसांपासून मागत होतो, आणि ते ताट समोर आलेलं असताना ढकलून देण्याइतका मी मोठा नाही.

"कान आहेत ना," मी म्हणालो.

४

मग मी त्याला लिहू द्यायला लागलो.

दुपारी 'दुपार' सुरू झाली की स्पीकर लावायचे, कॉम्प्युटर उघडा ठेवायचा, खुर्ची जागेवर ठेवायची आणि दार ओढून गॅलरीत जायचं. संध्याकाळी आत आलं की परीक्षण तयार असायचं. शब्द माझेच होते. माझी ती आवडती लांब वाक्यं, माझी फिजिक्समधली उदाहरणं, पण चिमटा नव्हता. त्यात कुठेही स्वतःला मोठं करणं नव्हतं. ते वाचलं की मला कळायचं की जळका माणूस वजा केला तर मी कसं लिहिलं असतं. मी खाली सही ठोकून ते इंटरनेटवर टाकायचो.

लोक वाचायला लागले. पोलंडच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीनं नव्या कॅसेटच्या कव्हरवर छापायला मजकूर मागितला. मी आरशात पाहून घसा खाकरून बघितला. सुखी माणूस दिसत होतो.

आणि प्राजक्तानं ते वाचलं. तिला दवाखान्यात कुणीतरी दाखवलं. घरी येऊन ती माझ्याकडे असं पाहत राहिली जसं पेशंट भूल उतरल्यावर पाहतात, हा माणूस आहे तरी कोण म्हणून.

"तुमी असं बोलत काहून नाही कधी?" ती म्हणाली. "हे जे लिहिता ना, ते माझ्याशी बोलत जा ना."

"बोलीन," मी म्हणालो, आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो.

पुढच्या दुपारी मी नेहमीसारखा भिंतीला कान लावून उभा होतो. मला समोरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. प्राजक्ता आली होती. स्वयंपाकघरात भांडी वाजली, गॅस पेटला. चहा. मग तिची पावलं निघाली ती समोरच्या खोलीकडे गेली नाहीत. मधल्या खोलीचं दार उघडलं आणि परत लागलं.

मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, अरे, इथे कुणी नाही. किंवा किंचाळेल.

कपबशी टेकवल्याचा आवाज आला. ती हळू आवाजात काही बोलली. खुर्ची कुरकुरली. आणि प्राजक्ता हसली. ते हसू मी ओळखत नव्हतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं असेल, नसेलही. मग ती म्हणाली, आणि हे मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं, "तू लय वेगळा हायस रे."

ती मला तुमी म्हणते. आमच्या घरी सगळ्या बायका तसंच म्हणतात. तिनं मला कधीही तू म्हटलेलं नाही, भांडतानासुद्धा.

मी स्वयंपाकघरातून धावत जाऊन दार ढकललं. ती खाली चटईवर बसली होती, पाठ खुर्चीला टेकून. दोन कप होते. एक तिच्या हातात, अर्धा. दुसरा खुर्चीशेजारी, रिकामा, तळाशी थोडा गाळ.

तिनं मान वर केली. "अरे, आत्ता तर तुमी इथं होते. कधी उठले?"

मी रिकाम्या कपाकडे बोट दाखवलं.

"आणखी पायजे?" तिनं विचारलं. आता ती परत तुमीवर आली होती. चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं होतं, आणि ते माझ्या येण्यानं विझलं होतं, हे आम्हा दोघांनाही दिसलं. एवढंच, की त्याचं कारण तिला कळलं नाही.

५

पुढच्या दुपारी मी स्पीकर लावले नाहीत. समोरच्या खोलीत तिच्याशेजारी जाऊन बसलो, बोलू म्हटलं. वरूडच्या संत्र्यांच्या भावाबद्दल काहीतरी बोललो. तिचे दोन भाऊ तिथे बागायतदार आहेत. ती "हाव" म्हणाली. मग मधल्या खोलीतून वकारची मोटर सुरू झाली, आपोआप, आणि ती उठून बसली.

"तुमी जात नाही ऐकायले?" ती म्हणाली. तिला मी जायला हवा होतो. माझ्या जागी येणारा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अकोल्याची एसटी धरली. घरी सांगितलं, कॉलेजचं काम आहे. ठरवलं होतं की वकारला लाइव्ह बंद करायला लावायचं. ते नसेल तर तोही नसेल. सूर बंद केला की कंपन थांबतं, साधं फिजिक्स आहे.

मूर्तिजापूरला बस बराच वेळ थांबली, आणि अकोल्यात उतरलो तेव्हा डांबर बुटाला चिकटत होतं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरलो. वॉर्निशचा वास, भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी, मागे खाटेवर वकारचे वडील गयासुद्दीन चाचा झोपले होते. वकार माइक चिकटवत होता. मला पाहून तो उठला, मिठी मारायला हात पुढे केले, आणि तसाच थांबला.

"तू इथं?" त्यानं बाजूला ठेवलेला फोन उचलून माझ्यापुढे धरला. "मंग हे?"

लाइव्ह सुरू व्हायच्या आधी लोक खाली लिहायला लागतात. सर्वात वर माझं नाव होतं. 'बसलो आहे. सावकाश सुरू कर.'

मी त्याला सगळं सांगितलं. खुर्ची, ठेका, कप. आणि शेवटी तेही, की विहिरीच्या मोटरीचं मी लिहिलं नव्हतं.

वकार घाबरेल असं वाटलं होतं. हसेल असंही वाटलं होतं. तो नुसता स्टुलावर बसला.

"मले माहीत होतं बे," तो म्हणाला. "तुले माझं कधीच आवडलं नाही. तू लिहायचा ना, त्यात दात दिसायचे. म्हनूनच ते वाचून रडलो. म्हटलं, मन्या बदलला."

"वकार, लाइव्ह बंद कर. आजच बंद कर."

"अन् तो?"

"तो कोण? तो कोणी नाही!"

"तो कोन हाय, मन्या?" त्यानं विचारलं, आणि मला त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी आरशातून चांगलं ओळखतो. त्याला तो हवा होता. "इतकी वर्षं वाजवून राहिलो. इतके लोक येतात, छान छान म्हनतात, जातात. तो एकच ऐकते. तू म्हनतो बंद कर, तो म्हनते सुरू कर. मी कोनाचं ऐकू, सांग."

"माझं! मी तुझा दोस्त आहे."

"हाव," वकार म्हणाला. "दोस्त तर तूच हायस."

आणि त्यानं मोटरीचं बटन दाबलं.

मी बाहेर येऊन प्राजक्ताला फोन लावला. वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला. मग तिचा मेसेज आला.

'आमी ऐकून राहिलो. मंग बोलू.'

६

परतीच्या बसमध्ये मी सगळी वाट फोनवर ती 'दुपार' ऐकत आलो. वकार एरवी जेवणाची वेळ संपली की थांबतो. त्या दिवशी थांबला नाही. खाली माझं नाव मधून मधून एकच वाक्य लिहीत होतं. 'आज थांबू नकोस.' मीही माझ्या फोनवरून लिहायचा प्रयत्न केला. हा मी नाही, हा खोटा आहे, बंद कर. फोन पासवर्ड मागत राहिला. मी टाकलेला प्रत्येक पासवर्ड चुकीचा निघाला, माझा वाढदिवस, लग्नाची तारीख, सगळे.

अमरावतीत उतरलो तेव्हा ऊन अजून पांढरं होतं. रिक्षा करून घरी आलो. जानराव खाली पोर्चमध्ये वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते.

"काका, वर कोण आहे?"

"कोन म्हंजे? तुमी दोघं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, पण पूर्ण नाही पाहिलं. आपण ओळखीचा माणूस समजून हाक मारावी आणि तो दुसराच निघावा, तसे ते ओशाळले आणि परत वर्तमानपत्र हलवायला लागले. "मोटर लय वेळची चालू हाय," एवढंच म्हणाले.

समोरचं दार आतून बंद होतं. बेल वाजवली. दोनदा वाजवली. खर्ज दारातून येत होता, पायाखालच्या फरशीतून येत होता. माझी किल्ली कुलपात फिरली, पण वरची कडी आतून लावलेली होती. आम्ही दुपारी कडी लावत नाही.

मी मागून लोखंडी जिन्यानं वर गेलो. कठडा हाताला चटकत होता. गॅलरीतलं स्वयंपाकघराचं दारही बंद. उरला कूलर. तो बंद होता, आणि ताट्यांतलं गवत दोन-तीन दिवस पाणी न मिळाल्यानं वाळून आकसलं होतं. मी एका बाजूचं गवत बोटानं सरकवलं आणि पंख्याच्या थांबलेल्या पात्यांमधून आत पाहिलं.

खुर्चीचा एक हात दिसला. एक गुडघा दिसला, राखाडी पँटमधला. ती माझी घरातली पँट आहे. ती माझ्या खांद्याशेजारी दोरीवर वाळत होती, मी मान वळवून पाहिली, होती. आतल्या गुडघ्यावर प्राजक्तानं डोकं टेकलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते. तिच्या केसांवर एक हात होता आणि त्याची बोटं ठेका धरत होती, सावकाश, एकही बोट आधी न पडता. चेहऱ्याच्या जागी पंख्याचं पातं येत होतं. मी खाली वाकलो, तरी पातंच येत होतं.

मी भिंतीवर मूठ मारली. मग दोन्ही मुठी. धडाधड मारत सुटलो, जसा मी ड्रम वाजवायचो.

आत प्राजक्तानं डोळे उघडले. "बाहेर कोनी हाय का रे?"

आधी दोनदा हलकं आणि एकदा नीट, घसा खाकरला गेला. मग माझा आवाज आला. माझा, पण कुठेही न अडखळणारा.

"कोणी नाही. लाकूड वाजते उन्हानं."

"असन," ती म्हणाली आणि परत डोकं टेकलं.

मी ओरडलो. प्राजक्ता, म्हणून ओरडलो, छाती फाटेस्तोवर. पण त्या खर्जाची आणि माझ्या हाकेची पट्टी एकच निघाली. हाक सुरात गेली आणि दिसेनाशी झाली. मला माझीच हाक वेगळी ऐकू येईना. मग उरले हात. मी पुन्हा भिंतीवर मूठ उगारली, आणि हात वरच थांबला. मी थांबवला नव्हता. तो वाट पाहत होता. अकोल्याहून येणारा तो लांब सूर उतरत उतरत तळाला गेला, आणि बरोबर तिथे, ना आधी ना नंतर, माझी मूठ भिंतीवर पडली. मग पुन्हा वर, पुन्हा वाट, पुन्हा तिथेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा ठोका घाईत पडला नाही.

भिंत गरम होती. मूठ वाजवत मी कान लावला.

आत प्राजक्ताच्या बांगड्या माझ्या ठोक्याबरोबर वाजायला लागल्या होत्या.

"आज काय मस्त वाजून राहिलं रे," ती त्याला म्हणाली.